मुंबई ते जेद्दा : साडेपाच तासांचा हिशेब

सातवीच्या वर्गाला पृथ्वीगोल शिकवताना मी दरवर्षी एक कृती करून घेते. एक दोरा घ्यायचा, त्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं जेद्दावर धरायचं, दोरा ताणायचा आणि मग पट्टीवर मोजायचा. आमच्या शाळेतला गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. म्हणजे त्याचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर, आणि खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडलं की गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. दोरा भरतो सव्वाआठ सेंटिमीटर. उत्तर येतं साडेतीन हजार किलोमीटर.

मुंबईपासून दुसरं कुठलंही शहर घेता आलं असतं. पण आमच्या भागात वर्गातल्या अर्ध्या मुलांचे अब्बा, चाचा नाहीतर मोठा भाऊ "तिकडे" असतो. जेद्दा म्हटलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, विमानाला किती वेळ लागतो?" मी म्हणते, तुम्हीच काढा. मोठं प्रवासी विमान ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगानं जातं. मुलं भागाकार करतात आणि चार तासांपेक्षा थोडं जास्त असं उत्तर देतात. वेळापत्रकात मात्र सव्वापाच ते पावणेसहा तास लिहिलेले असतात. वरचा तास-दीड तास कुठे गेला? धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात, वर चढण्यात, खाली उतरण्यात. शिवाय आकाशातही रस्ते ठरलेले असतात, ते दोऱ्यासारखे सरळ नसतात. आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारं वाहतं, हिवाळ्यात तर जोरानं. जाताना ते तोंडावर येतं, येताना पाठीशी असतं. म्हणून जेद्दाहून मुंबईला येणारं विमान अर्धा-पाऊण तास लवकर पोहोचतं.

एवढं सांगून झालं की तास संपतो. पण ही कृती मी पहिल्यांदा केली ती १९९४ साली, स्वतः विद्यार्थिनी असताना. तिचं उत्तर मी रागाच्या भरात माझ्या अब्बांना जेद्दाला पत्रातून पाठवलं होतं. त्या पत्राबद्दल आज वाचक भगिनी-बंधूंशी बोलायचं आहे.

आठवा दिवस

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याजवळ. चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत शिकले, पुढे मराठी हायस्कूलमध्ये. अब्बा जेद्दामध्ये गाडी चालवायचे. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी घरी यायचे. बाकी काळ आमच्या घरात अब्बा म्हणजे पत्र, आणि कधी कोणी गाववाला सुट्टीवर आला तर त्याच्याबरोबर येणारी कॅसेट. टेपरेकॉर्डर मधे ठेवून आम्ही सगळे भोवती बसायचो. अब्बा एकेकाचं नाव घेऊन बोलायचे आणि मधे थांबायचे, जणू आम्ही उत्तर देतोय. आम्ही खरंच द्यायचो.

त्या वर्षी दादा वारले. बुधवारची पहाट होती. आपल्याकडे मय्यत थांबवून ठेवत नाहीत. असरनंतर दफन झालं. म्हसळ्याच्या पीसीओवरून चाचांनी जेद्दाला निरोप दिला तो रात्री अब्बांपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी येतील, परवा येतील असं घरात सगळे म्हणत होते. अब्बा आले पुढच्या बुधवारी, मगरिबच्या सुमाराला. घरात न शिरता ते तसेच कबरस्तानात गेले.

त्या आठ दिवसांत मी बायकांच्या घोळक्यात पाण्याचे ग्लास फिरवत होते आणि सगळं ऐकत होते. "थोरला लेक, पण बापाला माती द्यायला आला नाही." "पैशाची चाट लागली की असंच होतं." अम्मी मान खाली घालून बसलेली असायची. मी चौदा वर्षांची होते. मला वाटलं, अब्बांनी आम्हा सगळ्यांची मान खाली घातली.

अब्बा महिनाभर राहून परत गेले. नंतर एकदा भूगोलाच्या सरांनी दोऱ्याची कृती शिकवली, आणि मी घरी येऊन पत्र लिहिलं. सगळी आकडेमोड त्यात मांडली. शेवटी लिहिलं, "अब्बा, म्हणजे जेद्दा आपल्यापासून फक्त पाच तासांवर आहे."

महिन्याभरानं उत्तर आलं. इकडच्या तिकडच्या चौकश्या होत्या, पैसे पाठवल्याचं होतं, आणि एक ओळ माझ्यासाठी : "बेटा, तुझं गणित बरोबर आहे. असाच अभ्यास कर." बस, एवढंच. त्यावर आम्ही बाप-लेक पुन्हा कधी बोललो नाही. अब्बा २०१३ साली अल्लाहला प्यारे झाले. त्या वेळी ते कायमचे घरी आलेले होते, आणि त्यांना माती द्यायला माझे दोन्ही भाऊ हजर होते.

घरापासून विमानापर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन उमराहला जायचं ठरलं. मी, माझे मिस्टर आणि अम्मी. अम्मीचं वय आता बहात्तर. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. नवऱ्यानं बावीस वर्षं ज्या शहरात काढली ते शहर ती पहिल्यांदा पाहणार होती.

विमान सकाळी साडेसातचं होतं. आदल्या रात्री इशा पढून साडेनऊला आम्ही गाव सोडलं. माणगावपर्यंत घाटातलं वळणांचं अंतर, मग महामार्ग, कुठे खड्डे, कुठे काम सुरू म्हणून वळवलेला रस्ता, पुढे पनवेलचं ट्रॅफिक. मुंबईच्या विमानतळावर पोहोचलो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. साधारण पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटरला सहा तास. माझ्यातली शिक्षिका लगेच जागी झाली. पुढच्या साडेतीन हजार किलोमीटरला यापेक्षा कमी वेळ लागणार होता.

मग सामान, बोर्डिंग पास, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. माझ्या मिस्टरांनी तिथेच एहरामच्या चादरी नेसल्या. आम्हा बायकांना वेगळा पोशाख नसतो, नेहमीचाच सादा लिबास. फजरची नमाज विमानतळावरच पढलो.

वेळेवर विमान सुटलं. माझ्या शेजारी खिडकीशी अम्मी. मुंबईच्या झोपड्यांचे निळे प्लास्टिक, मग खाडी, मग पाणी. अम्मीनं विचारलं, "किब्ला कुठे?" मी म्हटलं, "समोर. विमानाचं तोंडच किब्ल्याकडे आहे." आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मुंबईहून जेद्दाकडे निघालेल्या विमानाची दिशा जवळपास तीच. अम्मी थोडा वेळ पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. मग तसबीह काढून पुटपुटू लागली.

नानीची अकरा दिवसांची वाट

खाली अरबी समुद्र दिसत होता आणि मला नानीची आठवण आली. नाना-नानी १९६८ साली हजला गेले ते याच पाण्यावरून. श्रीवर्धनहून किनाऱ्याच्या बोटीनं ते मुंबईला आले, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात काही दिवस राहिले आणि मग मुघल लाइनच्या जहाजावर चढले. मुंबई ते जेद्दा समुद्रमार्गे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर. कारण जहाजाला अरबस्तानाला वळसा घालून एडनवरून तांबड्या समुद्रात शिरावं लागतं. नानीच्या जहाजाला अकरा दिवस लागले.

नानीला विचारलं की ती अकरा दिवसांचं अकरा दिवस सांगायची. पहिले तीन दिवस उलट्या. चौथ्या दिवशी ती उठून डेकवर आली. पाचव्या दिवशी मलबारच्या एका बाईशी ओळख झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दोघी रोज एकत्र कुरआन पढायच्या. जहाजावर एका म्हाताऱ्यांचा इंतकाल झाला तर त्यांचा जनाजा पढून मय्यत समुद्राच्या हवाली केली. आणि शेवटी एका दिवशी भोंगा वाजला. जहाज यलमलमच्या समोर आलं होतं. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांची मीकात ती. सगळ्या जहाजावर एकदम पांढरे कपडे दिसू लागले आणि "लब्बैक"चा आवाज उठला. हे सांगताना दरवेळी नानीचा आवाज बदलायचा.

मुंबईहून हजला जाणारी ही जहाजं १९९५ साली बंद झाली. 'अकबरी' हे त्यातलं शेवटचं जहाज. तेव्हापासून सगळे हाजी विमानानं जातात. नानीला मी एकदा म्हटलं होतं, "आता पाच तासांत पोहोचतात." नानी म्हणाली, "पोहोचतात गं. पण माणसाचं मन कधी पोहोचतं?" तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं.

अम्मीनं सांगितलं ते

दोन तासांनी ओमानचा किनारा आला. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता. किती अंतर झालं, किती राहिलं, तिथली वेळ, इथली वेळ. मी अम्मीला समजावून सांगत होते. पडद्यावर आकडा आला, उरलेलं अंतर एकोणीसशे किलोमीटर. अम्मीनं ते पाहिलं आणि एकदम म्हणाली, "तू त्यांना पत्रात हेच लिहिलं होतंस ना? पाच तास."

मला वाटलं होतं, ते पत्र फक्त अब्बांनी वाचलं. मी गप्प बसले. मग अम्मीनं जे सांगितलं ते मी एकतीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं.

अब्बांना बुधवारी रात्री निरोप मिळाला. त्या काळात तिकडे आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची (शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ मध्ये). म्हणजे दोन दिवस सगळी कार्यालयं बंद. अब्बांचा पासपोर्ट त्यांच्याजवळ नव्हता. तो कफीलच्या कपाटात होता, आणि त्या वेळी बहुतेकांचा तसाच असायचा. हातात फक्त इकामा. देशाबाहेर जाऊन परत यायचं तर एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का लागायचा, आणि तो कफीलनं संमती दिल्याशिवाय मिळत नव्हता. कफील रियाधला गेलेले. ते रविवारी आले. अब्बा दोन दिवस त्यांच्या दरवाजासमोर बसून होते. सोमवारी शिक्का मिळाला. तिकिटासाठी खोलीतल्या पाच जणांनी पैसे काढून दिले. मंगळवारी रात्रीच्या विमानात जागा मिळाली. बुधवारी सकाळी मुंबई, आणि मग एसटीनं गाव.

"मग त्यांनी मला का नाही लिहिलं?" मी विचारलं.

अम्मी म्हणाली, "मी म्हटलं होतं, पोरीला समजावून लिहा. तर म्हणाले, मुलांना काय सांगायचं? की बापाचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असतो? त्यापेक्षा राग राहू दे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पडद्यावरच्या नकाशात आता रुब अल-खालीचं नाव होतं. खाली पिवळसर वाळू, तिच्यावर वाऱ्यानं ओढलेल्या रेघा, आणि कुठेही घर नाही. अब्बा दर दोन वर्षांनी याच वाळूवरून गेले असतील. जाताना त्यांच्या मनात काय असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मिनिटाला चौदा किलोमीटर

उतरायला सुमारे तास राहिला असताना घोषणा झाली की अर्ध्या तासात मीकात येईल. हवाई मार्गानं आपल्याकडून जाणाऱ्यांना तायफजवळच्या करनुल मनाझिलचा विचार करावा लागतो. नानीच्या जहाजाला मीकातची हद्द हळूहळू पार करता आली. आमचं विमान मिनिटाला चौदा किलोमीटर जात होतं. डुलकी लागली, टॉयलेटला रांग लागली, तरी मीकात मागे पडू शकते. म्हणून एहराम आधीच बांधून ठेवतात आणि नीयत मीकात यायच्या थोडं आधी करतात. ज्यांना पहिल्यांदा जायचं आहे त्यांनी हे आपल्या आलिमांकडून नीट समजून घ्यावं.

मला तिथे एक गोष्ट लक्षात आली. फिकहच्या किताबांत सफरचं माप मुळात प्रवासाच्या मंझिलांवर आणि दिवसांवर ठरलेलं आहे. शाफई मसलकात दोन मंझिल, हनफी मसलकात तीन दिवसांची चाल. आजच्या मापात ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास जातं. विमान तेवढं अंतर सहा मिनिटांत कापतं, तरी कसरची सवलत उठत नाही. मुसाफिर तो मुसाफिरच. बुजुर्गांनी ओळखलं असावं की घरापासून दूर असणं हे केवळ वेगावर ठरत नाही.

घड्याळाचीही गंमत सांगते, कारण ती नमाज-रोजाच्या कामाची आहे. मुंबई आणि जेद्दाच्या रेखांशांत सुमारे ३४ अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं सव्वादोन तास. घड्याळात फरक अडीच तासांचा, कारण आपली प्रमाणवेळ मुंबईच्या पूर्वेकडच्या रेखांशावर धरलेली आहे. आम्ही साडेसातला निघालो, साडेपाच तास उडालो आणि तिथल्या घड्याळात साडेदहाला उतरलो. पश्चिमेला जाताना विमान सूर्याच्या मागे धावतं, म्हणून दिवस लांबतो. रमजानमध्ये दुपारी मुंबईहून निघणाऱ्याचा रोजा त्यामुळे लांबतो, आणि जेद्दाहून निघणाऱ्याचा लवकर सुटतो. अशा वेळी हातातलं घड्याळ नव्हे, खिडकीतून दिसणारा सूर्य पाहायचा.

जेद्दाला उतरताना अम्मीनं माझा हात घट्ट धरला. चाकं जमिनीला लागली तेव्हा ती म्हणाली, "आलो?" मी म्हटलं, "आलो." इमिग्रेशन, सामान आणि बसची वाट पाहण्यात दोन तास गेले. जोहर तिथेच झाली. मक्का तिथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मुक्कामाच्या खोलीत पोहोचलो तेव्हा तिथले दोन वाजले होते, म्हणजे आपल्याकडचे साडेचार. गावातून निघून एकोणीस तास झाले होते. विमानात त्यातले फक्त साडेपाच. आणि आमची तर सगळी कागदपत्रं पूर्ण, तिकिटं काढलेली, पासपोर्ट पर्समध्ये, घरी कोणी वारलेलं नाही, रस्त्यात अडवणारं कोणी नाही.

अब्बांच्या गल्लीत

उमराह झाला, अलहम्दुलिल्लाह. काबा पहिल्यांदा नजरेला पडला तेव्हा मी अब्बांसाठी दुआ मागितली. मागताना "मला माफ करा" हे शब्द आधी तोंडात आले. माफी माणसाकडे मागायची ती त्याच्या हयातीत मागावी लागते, हे मी मुलांना शिकवते. मला मात्र उशीर झाला. आता त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करणं एवढंच माझ्या हातात उरलं आहे.

मदिनेहून परतताना आम्ही एक दिवस जेद्दात थांबलो. अम्मीला अल-बलद पाहायचं होतं. ही जेद्दाची जुनी वस्ती. प्रवाळाच्या दगडांत बांधलेली उंच घरं, त्यांना लाकडी नक्षीच्या खिडक्या. २०१४ साली युनेस्कोनं या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता तिथे दुरुस्त्या चालू आहेत आणि पर्यटक फोटो काढत असतात. अब्बांची खोली या भागाच्या कडेला कुठेतरी होती. पत्रावर फक्त पोस्ट बॉक्सचा नंबर असायचा, त्यामुळे इमारत कुठली हे अम्मीला माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की खाली एक बेकरी होती आणि समोर मशीद.

अशा तीन जागा आम्हाला सापडल्या. बेकरी एकाही ठिकाणी नव्हती. तिसऱ्या मशिदीसमोर अम्मी म्हणाली, "हीच असेल." मी खोदून विचारलं नाही. तिनं तिथल्या पायरीवर बसून पाणी प्यायलं. समोरून दोन तरुण गेले, कानाला फोन, बोली आपल्या कोकणातली. एक जण फोनवर सांगत होता, "रात्री व्हिडिओ लावतो, पोरांना जागं ठेव." अम्मी त्यांच्याकडे वळून बघत राहिली.

परतीचं विमान पावणेपाच तासांत मुंबईला आलं. वारं पाठीशी होतं.

आता काय बदललं, काय नाही

हे सगळं जुनं दुःख उगाळायला लिहिलेलं नाही. काळ बदलला आहे. मार्च २०२१ पासून सौदी अरबमध्ये खाजगी क्षेत्रातल्या बहुतेक कामगारांना एक्झिट-रीएंट्रीसाठी मालकाच्या संमतीची गरज उरली नाही. ते स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतात. घरकाम करणारे आणि घरगुती ड्रायव्हर यांना मात्र हा बदल लागू झाला नाही. आपल्या गावांतून जाणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. अब्बाही आज गेले असते तर कुठल्या रकान्यात बसले असते, मला सांगता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे आहे त्यांना एका मुलीच्या नात्यानं चार गोष्टी सांगते. जाण्याआधी करार नीट वाचावा. आपली नोंद कोणत्या प्रकारचा कामगार म्हणून होते आहे ते विचारून घ्यावं, कारण सुट्टी आणि परतीचे हक्क त्यावर ठरतात. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, त्याची आणि इकाम्याची प्रत घरीही असावी. पासपोर्टची मुदत संपायला सहा-आठ महिने उरले की नूतनीकरण करून घ्यावं, अडचणीच्या दिवशी त्यासाठी वेळ नसतो. तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. घरचं म्हातारं माणूस आजारी असेल तर "काळजी करू नकोस, ठीक आहे" असं फोनवर सांगत बसू नये, खरं सांगावं. वेळेवर खरं कळलं तर निघता येतं.

आणि इतकं करूनही कोणाला पोहोचता आलं नाही, तर मय्यतीच्या घरी बसून त्याचा हिशेब करू नये. तिथे पाण्याचे ग्लास फिरवणारं एखादं लेकरू सगळं ऐकत असतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि मी पुन्हा सातवीला दोरा दिला. उत्तरं आली. सव्वाआठ सेंटिमीटर, साडेतीन हजार किलोमीटर, साडेपाच तास. या वेळी मी फळ्यावर आणखी एक रकाना काढला आणि वर लिहिलं, "घर ते घर". म्हटलं, तुमच्या घरातलं जे कोणी तिकडे आहे त्यांना आज फोनवर विचारा, त्यांच्या खोलीच्या दारातून निघून आपल्या दारात यायला किती वेळ लागतो. सुट्टी मागण्यापासून मोजायचं.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. कोणाचं बावीस तास, कोणाचं तीन दिवस, कोणाचं दोन महिने. एका मुलीनं रकाना कोराच ठेवला होता. मी विचारलं, "विचारलं नाहीस का?" ती म्हणाली, "विचारलं मॅडम. अब्बा म्हणाले, ईदनंतर सांगतो."

मी तिची वही तपासली आणि खाली बरोबरची खूण केली.